प्रश्न मुंबईचा, उत्तर लंडनचं

७ मार्च १७७५ रोजी सुरतेत एक तह झाला. पेशवाईच्या गादीसाठी पुण्याबाहेर पडलेले रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा एका बाजूला आणि ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबई सरकार दुसऱ्या बाजूला. कंपनीने राघोबादादांना फौज द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई घ्यायची, असा सौदा. मुंबईच्या साहेबांनी तो आपल्या जबाबदारीवर केला आणि मंजुरीसाठी कागद लंडनला रवाना केले. इकडे कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलला हा तह मुळीच पसंत पडला नाही. त्यांनी तो रद्द ठरवला, कर्नल अप्टनला पुण्याच्या कारभाऱ्यांकडे धाडलं आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला नवा तह केला. राघोबादादांची बाजू सोडायची, असं त्यात ठरलं. त्यानंतर काही महिन्यांनी लंडनहून संचालकांचं उत्तर मुंबई बंदरात उतरलं. सुरतेचा तह त्यांना मंजूर होता.

ज्या तहाला मंजुरी आली, तो तोवर रद्द होऊन गेलेला होता. पण उत्तर आलं ते आलंच. मुंबई सरकारने त्या पत्राच्या बळावर राघोबादादांना पुन्हा जवळ केलं, पुरंदरचा तह नावापुरता उरला, आणि प्रकरण चिघळत चिघळत जानेवारी १७७९ मध्ये वडगावला पोचलं. तिथे मराठ्यांनी इंग्रजी फौजेला कोंडीत धरून शरण आणलं, हे आपण शाळेत शिकलो. या सगळ्यात शिळ्या झालेल्या एका पत्राचा केवढा हात होता, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

मुंबई आणि लंडन यांच्यात अंतर किती? पृथ्वीच्या गोलावर सरळ दोरी ताणली, तर सुमारे ७,२०० किलोमीटर. १७७५ साली ते एवढंच होतं, आजही एवढंच आहे. पण राज्य चालवणाऱ्याला, व्यापार करणाऱ्याला किंवा घरच्यांची खुशाली विचारणाऱ्याला या आकड्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला हवा असतो दुसराच आकडा: इथून प्रश्न विचारला तर तिथलं उत्तर हातात पडायला किती वेळ लागेल? अंतराचं हे माप धरून गेली अडीचशे वर्षं मोजायला घेतली की आकडे असे काही बदलतात, की पुन्हा पुन्हा ताळा करून पाहावासा वाटतो.

सुरुवात शिडाच्या जहाजापासून. आफ्रिकेच्या टोकाला, म्हणजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-लंडन हा समुद्रमार्ग सुमारे १९,८०० किलोमीटरचा. चार ते सहा महिन्यांचा हा प्रवास. आपण पाच महिने, म्हणजे १५० दिवस धरू. दिवसाला १३२ किलोमीटर, म्हणजे ताशी साडेपाच. तीन डोलकाठ्यांचं, तोफा चढवलेलं, शेकडो टनांचं जहाज सरासरीने झपाझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जात होतं. फरक एवढाच, की ते रात्रीही थांबत नसे. आणि वळसा सोडून सरळ रेषेतलं ७,२०० किलोमीटरचं अंतर धरलं, तर मुंबई लंडनच्या दिशेने ताशी फक्त दोन किलोमीटरने सरकत होती.

जायला पाच आणि यायला पाच असे दहा महिने धरले तरी हिशोब पुरा होत नाही. शिडाच्या जहाजाला मोसमी वाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागे. वाऱ्याचा हंगाम चुकला की पत्र बंदरातच पडून. शिवाय लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर कंपनीचे संचालक बसणार, चर्चा करणार, मसुदा बनवणार, तो वरून तपासून येणार. म्हणून एक प्रश्न आणि त्याचं एक उत्तर याला वर्ष लागलं, तर कारभार वेळेवर चालला असंच समजायचं. जहाज बुडण्याची धास्ती कायमची, त्यामुळे एकाच पत्राच्या दोन-तीन नकला करून त्या वेगवेगळ्या जहाजांवर चढवत. पत्रांतले परिच्छेद क्रमांक घालून लिहीत आणि उत्तरही त्याच क्रमांकांनी येई. वर्षापूर्वी आपण काय विचारलं होतं, हे लिहिणाऱ्याच्याही डोक्यात राहिलेलं नसे. विचारणारा साहेब तोवर बदलून गेलेला, आजारी पडलेला किंवा मेलेला असण्याची शक्यताही चांगलीच दांडगी होती.

मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आलं १६६८ साली. मुंबईहून पहिली वाफेची बोट टपाल घेऊन निघाली १८३० साली. मधली १६२ वर्षं. वर्षाला एक प्रश्न नि एक उत्तर या हिशोबाने, एखाद्या विषयावर मुंबई आणि लंडन या दीडशेहून जास्त वर्षांत एकमेकांशी जास्तीत जास्त १६२ वेळा बोलू शकत होते. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या संथपणाचा फायदा कुणाला झाला? मराठेशाही बुडाली त्याची कारणं मोजताना आपण दुही मोजतो, फितुरी मोजतो, तोफखाना आणि कवायती फौज मोजतो. मला वाटतं, त्या यादीत या अंतरालाही जागा दिली पाहिजे. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला ३१ डिसेंबर १८०२ रोजी. आर्थर वेलस्लीच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला १२ ऑगस्ट १८०३ रोजी, असईची लढाई झाली २३ सप्टेंबरला. तहापासून युद्धापर्यंत साडेसात महिने. केपमार्गे तेवढ्यात पत्र लंडनला पोचतं, पण उत्तर परत येत नाही. बसरा, अलेप्पो अशी जमिनीवरची वाट होती, तिने टपाल बरंच लवकर जाई. तरी त्या वाटेनेही जाऊन-येऊन सहा-आठ महिने धरावेच लागत. म्हणजे शिंदे-भोसल्यांशी युद्ध करावं की करू नये, हा प्रश्न लंडनला विचारून सोडवायचा म्हटलं असतं, तर पावसाळा आणि पाठोपाठ लढाईचा मोसमही निघून गेला असता. आर्थरचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल वेलस्ली, हे पुरेपूर ओळखून होता. युद्धं खर्चिक असतात म्हणून कंपनीचे संचालक त्याच्यावर नाराज होते, १८०५ साली त्याला परत जावंही लागलं. पण तोवर दिल्ली, आग्रा आणि कटक इंग्रजांच्या हाती गेलं होतं. नाराजी पाच-सहा महिने उशिरा पोचायची आणि फौज रोज पुढे जायची.

मग वाफ आली. मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची बोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल एवढ्या कोळशाची सोय होती आणि पहिला मुक्काम एडन होता अकरा दिवसांवर. उपाय एकच, जिथे जागा सापडेल तिथे कोळसा भरणं. खोल्यांत कोळसा, डेकवर कोळसा. बोट इतकी बसली, की पाणी कठड्याशी येऊन लागलं. माणसांना आणि टपालाला जेमतेम जागा उरली. एडनला पोचली तेव्हा कोळसा जवळपास संपलेला होता. मग जेद्दा, कोसेर असे कोळशासाठीचे थांबे घेत ती २२ एप्रिलला सुएझला लागली. एकूण ३३ दिवस, आणि त्यातले जवळजवळ बारा दिवस ती कोळसा घेत उभी होती.

सुएझला समुद्र संपायचा. कालवा अजून खणायचा होता. तिथून कैरोपर्यंत वाळवंट उंटांवरून, मग नाईलमधून अलेक्झांड्रियापर्यंत, आणि तिथून भूमध्य समुद्रातली दुसरी बोट. सुएझला बोटींसाठी लागणारा कोळसासुद्धा सुरुवातीला उंटांच्याच पाठीवर यायचा. ही वाट बसवण्यासाठी थॉमस वॅगहॉर्न नावाच्या एका हट्टी इंग्रजाने आयुष्य वेचलं. १८४०च्या आसपास ही व्यवस्था अंगवळणी पडली, तेव्हा मुंबईचं पत्र महिन्या-दीड महिन्यात लंडनला जाऊ लागलं. प्रश्नाचं उत्तर तीन महिन्यांत! ज्यांनी वर्षाचा हिशोब पाहिला होता, त्यांना ही चैन वाटली असली पाहिजे.

नेमक्या याच काळात एक मराठी माणूस लंडनला जाऊन बसला होता.

सप्टेंबर १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि १८५३ अखेरपर्यंत तिथे राहिले. चौदा वर्षं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, म्हणून निदान महाराष्ट्राला हे नाव ठाऊक आहे. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांनी महाराजांची कैफियत लावून धरली, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. हा सगळा झगडा डोळ्यांपुढे आणताना मी नेहमी त्यातला टपालाचा हिशोब मांडतो. पुरावा हवा असेल, कागद हवा असेल, महाराजांचा हुकूम हवा असेल, तर लिहा, पाठवा आणि थांबा. तीन महिन्यांनी उत्तर. चौदा वर्षांचे ५,११३ दिवस, भागिले नव्वद. काहीही न चुकता, न हरवता, बोट न चुकवता जास्तीत जास्त ५६ प्रश्नोत्तरं. आणि हे मुंबईपर्यंतचं. महाराज होते काशीला, तिथवरची हजार-दीड हजार किलोमीटरची वाट आणखी वेगळी.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीला वारले. ही बातमी लंडनला त्या दिवशी कळणं शक्यच नव्हतं. टपालाच्या तेव्हाच्या चालीने तिला महिना-दोन महिने लागले असणार. तेवढे दिवस रंगो बापूजी लंडनमध्ये ज्या धन्यासाठी झगडत होते, तो या जगात नव्हता. त्या दिवसांत त्यांनी लिहिलेला प्रत्येक अर्ज आणि घेतलेली प्रत्येक गाठ महाराज जिवंत आहेत असं धरून होती. पुढे एप्रिल १८४८ मध्ये महाराजांचे बंधू आणि साताऱ्याच्या गादीवर बसलेले आप्पासाहेबही निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी घेतलेलं दत्तक डलहौसीने मानलं नाही. राज्य खालसा करायला लंडनची मंजुरी आली ती जानेवारी १८४९ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी. रंगो बापूजी त्यानंतरही जवळजवळ पाच वर्षं तिथे टिकून राहिले. परतल्यावर १८५७च्या उठावात त्यांचं नाव पुढे आलं, इंग्रज मागावर लागले आणि ते जे गेले ते कुणाच्या हाती लागले नाहीत. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली.

इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टीत एक बाब न सांगता गृहीत धरलेली आहे. बातमी आणि माणूस एकाच वेगाने जात होते. पत्र कितीही तातडीचं असलं, तरी ते कुणीतरी पिशवीत घालूनच न्यायचं. जहाज, उंट, घोडा, आगगाडी, जे माणसाला नेतं तेच पत्राला नेतं. माणसाने लिहायला सुरुवात केल्यापासून हे असंच चाललं होतं. मुंबई-लंडनच्या वाटेवर त्यांची फारकत झाली ती १८६५ ते १८७० या पाच वर्षांत.

१८६५ साली इराणच्या आखातातून समुद्री तार टाकून हिंदुस्थान तुर्कस्तानमार्गे युरोपला जोडला गेला. पण वाटेत अनेक ठिकाणी इंग्रजी न जाणणारे तारबाबू ऐकलेली अक्षरं पुन्हा पुढे ठोकत. तार पोचायला कधी पाच-सहा दिवस लागत, कधी त्याहून जास्त, आणि पोचेपर्यंत मजकुराचा पार चोथा झालेला असे. ते दिवस मुंबईच्या कापूस बाजाराच्या भरभराटीचे होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता, शेअरांचे भाव आभाळाला भिडले होते. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने व्हर्जिनियात शरणागती पत्करली. अटलांटिकखालची तार तेव्हा चालू नव्हती, म्हणून ती खबर आधी बोटीने इंग्लंडला आणि मग तिथून इकडे आली. त्या मधल्या दिवसांत मुंबईतले दलाल संपलेल्या युद्धाच्या भरवशावर सौदे करत होते. बाजार कोसळला तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारखे मातब्बरही त्यात सापडले.

आता १८७०. ब्रिटनपासून मुंबईपर्यंत पूर्णपणे समुद्राखालून तार टाकायचं ठरलं. मुंबई ते एडन हा तीन हजार किलोमीटरहून लांब टप्पा अखंड तारेने जोडायचा, तर एवढी तार पोटात घेणारं जहाज जगात एकच होतं, ब्रुनेलने बांधलेलं ‘ग्रेट ईस्टर्न’. लांबी २११ मीटर. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला होता, पण हे जहाज त्याच्यात मावणारं नव्हतं. म्हणून उन्हाचा ताप कमी व्हावा यासाठी पांढरा रंग फासलेलं ते अगडबंब जहाज नोव्हेंबरमध्ये इंग्लंडहून निघालं आणि केपला वळसा घालून जानेवारी १८७०च्या अखेरीस मुंबईला आलं. दोन शहरांमधला वेळ मिनिटांवर आणणाऱ्या तारेला स्वतः मुंबईला पोचायला दोन महिन्यांहून जास्त लागले, तेही त्याच जुन्या, लांबच्या वाटेने. या हकिकतीत मला सर्वांत भव्य वाटतं ते हेच दृश्य.

तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा, म्हणजे मलायातल्या झाडांचा चीक, त्यावर ताग आणि बाहेरून लोखंडी तारांचा पीळ. मुंबई, एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचं कार्कावेलुश आणि शेवटी इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमधलं पोर्थकर्नो हे खेडं. एवढ्या लांबून येणारा विजेचा झटका इतका क्षीण असे, की त्याने काटाही धड हलत नसे. म्हणून विल्यम थॉम्सनने आरशाचं यंत्र काढलं होतं. काळोख्या खोलीत तारबाबू बसलेला. चिमुकल्या आरशावरून उडालेला उजेडाचा एक ठिपका समोरच्या पट्टीवर डावीकडे सरकतो, उजवीकडे सरकतो. डावं-उजवं जुळवून एकेक अक्षर उमटतं. ते कागदावर उतरवायचं आणि पुढच्या तारेवर पुन्हा ठोकायचं. २३ जून १८७० रोजी लंडनमध्ये या तारेच्या आनंदाप्रीत्यर्थ मेजवानी झाली. तिथून हिंदुस्थानात संदेश गेले आणि पाहुणे उभे असतानाच काही मिनिटांत उत्तरं आली.

वर्षाचे तीन महिने व्हायला १६६८ पासून पावणेदोन शतकं लागली होती. तीन महिन्यांची मिनिटं झाली ती पुढच्या तीसेक वर्षांत. शिवाय घड्याळाने आणखी एक गंमत केली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. दुपारी बाराला मुंबईत ठोकलेली तार लंडनला पोचे तेव्हा तिथे सकाळचे साडेसातसुद्धा वाजलेले नसत.

माणसाचं काय? माणूस अजून बोटीवरच होता. सुएझ कालव्याने समुद्रमार्ग १९,८०० किलोमीटरवरून ११,६०० वर आणला. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिअस फॉग ऐंशी दिवसांच्या हिशोबात लंडन-मुंबईला वीस दिवस धरतो, सुएझपर्यंत सात आणि पुढे तेरा. पुढची साठएक वर्षं मराठी माणसाने विलायत पाहिली ती या तीन आठवड्यांच्या वाटेने. सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट इंग्लंडहून निघाली १ जुलै १९१० रोजी, मार्सेल्सला निसटण्यासाठी त्यांनी समुद्रात मारलेली ती उडी ८ जुलैला, एडनला त्यांना ‘सॅलसेट’ बोटीत हलवलं आणि २२ जुलैला मुंबई. सॅलसेट म्हणजे आपली साष्टी. मार्सेल्सची बातमी मात्र तारेने केव्हाच जगभर झाली होती. माणूस मुंबईला पोचण्याच्या दोन आठवडे आधी त्याची हकिकत पोचली. १९१७ साली डॉ. आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा तर माणूस आणि सामानही वेगळ्या वाटांनी निघालं. ते स्वतः सुखरूप आले. त्यांची पुस्तकं ज्या बोटीत होती, ती पाणतीराने बुडाली. कित्येक वर्षांचा अभ्यास समुद्राच्या तळाशी गेला.

विमानाचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची हवाई टपाल सुरू झालं. सात दिवस, आणि मध्ये आगगाडीचाही एक टप्पा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाची पिशवी घेऊन पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. १९६०च्या सुमारास जेट रुळलं. आज न थांबता नऊ-दहा तास.

आता दोन्ही हिशोब शेजारी मांडू. शिडाच्या जहाजाचे १५० दिवस म्हणजे ३,६०० तास. विमानाचे साडेनऊ तास. माणूस सुमारे ३८० पट वेगाने जाऊ लागला. आकडा मोठा आहे, पण मनात मावतो.

संदेशाचा हिशोब मात्र मनात मावत नाही. १९९७ साली ‘फ्लॅग’ नावाची समुद्राखालची काचतंतूंची केबल सुरू झाली. ब्रिटनपासून जपानपर्यंत सुमारे २८,००० किलोमीटर. तिचं ब्रिटनमधलं टोक पोर्थकर्नोला आहे, १८७० साली मुंबईची तार जिथे वर आली त्याच खेड्यात. आणि वाटेत ती मुंबईला लागते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबलची वळणं धरून मुंबई-लंडन वाट बारा हजार किलोमीटर धरली, तर जायला ६० मिलिसेकंद आणि यायला ६०. प्रश्न आणि उत्तर मिळून ०.१२ सेकंद. पापणी लवायलाही बहुतेक वेळा याहून जास्त वेळ लागतो.

वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख. भागिले ०.१२. उत्तर येतं २६ कोटी. माणूस ३८० पट वेगवान झाला आणि त्याचा प्रश्न २६ कोटी पट. रंगो बापूजींच्या चौदा वर्षांतली ५६ प्रश्नोत्तरं आज या केबलवरून सात सेकंदांच्या आत होतील. आणि ती १६२? मुंबई ताब्यात घेतल्यापासून वाफेची बोट निघेपर्यंत, शिवकाळापासून पेशवाई बुडून एक तप उलटेपर्यंत, एका विषयावर जेवढं विचारणं-सांगणं होऊ शकलं असतं, ते सगळं वीस सेकंदांच्या आत. वसईच्या तहाबद्दल लंडनला काय वाटतं, हे तेव्हा ०.१२ सेकंदात कळलं असतं तर असई झाली असती का, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. वेलस्लीला पाठीमागे लंडनचा आवाज ऐकू न येणारे ते साडेसात महिने मिळाले नसते, एवढं नक्की.

हे अंतर एकाच दिशेने आखडत आलं आहे, असं मात्र नाही. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ बंद झाला तो ५ जून १९७५ पर्यंत. आठ वर्षं मुंबईची मालवाहू जहाजं पुन्हा केपला वळसा घालत होती, म्हणजे अंतर पुन्हा १९,८००. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक जहाज कंपन्यांनी तीच जुनी वाट धरली. ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या जहाजाला ही वाट साडेसत्तावीस दिवसांची, सुएझची सोळा दिवसांची. तेल, विमा, खलाशांचे पगार, सगळं अकरा दिवसांनी वाढतं. शेतमाल निर्यात करणाऱ्यांना विचारा. द्राक्षांच्या कंटेनरला अकरा दिवस जास्त म्हणजे काय, हे नाशिकच्या बागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. हवेतही तेच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा वाट वाकडी झाली आणि तास वाढले. माल आणि माणूस यांच्या वाटेत देश येतात, युद्धं येतात, वारा येतो.

संदेशाच्या वाटेत आता मुख्य अडसर उरला आहे तो प्रकाशाच्या वेगाचा. काचेऐवजी निर्वात पोकळी असती आणि केबलच्या वळणांऐवजी ७,२०० किलोमीटरची सरळ रेषा असती, तर प्रश्नोत्तराला ०.०४८ सेकंद लागला असता. त्याच्या खाली कुणालाही जाता येणार नाही. अडीचशे वर्षांत २६ कोटी पट कमी झालेल्या या अंतरात आता कमी करण्याजोगं उरलं आहे ते फक्त अडीच पट. माणसाच्या साडेनऊ तासांना अशी कुठली तळरेषा अजून दिसत नाही. तिथे करण्यासारखं पुष्कळ शिल्लक आहे, आणि १९६०च्या सुमारास जेट रुळल्यापासून साठ-पासष्ट वर्षांत त्या बाजूला जवळपास काहीच घडलेलं नाही.